जात्याखालच्या फांद्या

मोगली एरंडाचा चीक कपड्यावर पडला की जात नाही. ओला असताना पाण्यासारखा दिसतो, म्हणून आपण दुर्लक्ष करतो, आणि वाळला की तपकिरी डाग कायमचा मुक्कामाला येतो. त्या काळातल्या माझ्या सगळ्या पंजाबी ड्रेसांवर असे डाग होते. ते ड्रेस दोरीवर वाळत घालताना आई समोरच्या बिल्डिंगला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, "एम.एस्सी. झाली हो आमची मुलगी. आता लोकांची कुंपणं तोडत हिंडते."

खोटं नव्हतं. हिंजवडीच्या भातखाचरांत काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या ते दिवस. माझा धाकटा भाऊ तिथल्याच एका कंपनीत लागला होता. तो गळ्यात ओळखपत्र घालून सकाळी कंपनीच्या बसने जायचा, आणि मी त्याची मोठी बहीण, थर्मोकोलच्या खोक्यात बर्फ भरून वाघोली, लोणी, थेऊर अशी गावं पालथी घालायला निघायचे. एका संस्थेत माझं पीएचडीचं काम चाललं होतं, विषय मोगली एरंड. या झाडाला त्या दोन-चार वर्षांत अचानक भाव आला होता. त्याच्या बियांच्या तेलावर डिझेलची इंजिनं चालतात, झाड माळावर बिनपाण्याचं वाढतं, शेळी त्याला तोंड लावत नाही, मग आणखी काय हवं? रोपवाटिकावाले 'डिझेलचं झाड' अशा पाट्या लावून रोपं विकत होते. बाबा पेपरातली तसली बातमी वाचून झाली की घडी घालत म्हणायचे, "ओसाड गावी एरंड बळी." आणि भाऊ जेवताना विचारायचा, "ताई, तुझं एरंडाचं गुऱ्हाळ कधी आटोपणार?"

आमचा प्रश्न तसा साधा होता. जास्त तेल देणारं वाण तयार करायचं तर आधी झाडाझाडांत फरक हवा. सगळी आतून सारखीच असतील तर त्यातून निवडणार काय? म्हणून गावोगावच्या कुंपणांची पानं आणायची, त्यांतला डीएनए काढायचा आणि कुठलं झाड कुठल्या झाडापासून किती वेगळं आहे ते बघायचं. प्रत्येक गावचं कुंपण म्हणजे एक स्वतंत्र समूह, असं आम्ही गृहीत धरलं होतं. पुण्याच्या माणसाला असं गृहीत धरायला अडचण वाटत नाही. आमच्याकडे पेठ बदलली की आमटीची चव बदलते.

लोक फार चांगले होते. वाघोलीला एका बाईंनी मला कुंपणापाशी वाकलेली पाहून विचारलं, "औषधाला पायजे का?" मी म्हटलं, अभ्यासाला. त्यांना दोन्हींत विशेष फरक वाटला नाही. "न्या की, समदं कुंपण न्या," म्हणून त्यांनी मला कोयताच आणून दिला. मला हवी होती चार कोवळी पानं. ती बर्फात ठेवून मी परत यायचे, खलबत्त्यात द्रव नायट्रोजन ओतून ती कुटायचे, आणि मग त्या बुळबुळीत रसातून डीएनए वेगळा काढायची झटापट सुरू व्हायची. सरतेशेवटी जेलवर, म्हणजे डीएनएचे तुकडे ज्यातून सरकवतात त्या लिबलिबीत वडीवर, पट्ट्या दिसायच्या. एका झाडाची एक ओळ, ओळीत वरखाली चमकणाऱ्या आडव्या पट्ट्या. दोन झाडं वेगळी असली तर पट्ट्या वेगळ्या जागी.

जवळजवळ सगळ्या ओळी सारख्या आल्या. वाघोलीची, थेऊरची, लोणीची, रस्त्याच्या अलीकडची, पलीकडची. आमचे सर जेलचा फोटो उजेडाकडे धरून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "एकाच झाडाची पानं आणली असतील तर तसं सांगा. निदान पुढच्या वेळी एवढं हिंडायला तरी नको."

आमचं कुठे चुकलं ते मग कळलं, आणि आधी कसं कळलं नाही याचंच नवल वाटलं. कुंपणाला कोणी बी पेरत नाही. मृगाच्या आधी कुंपण छाटतात, छाटलेल्या फांद्या बांधावर पडलेल्या असतात, आणि शेजारी म्हणतो, जरा चार द्या. तो त्या आपल्या हद्दीवर खोचतो. त्याच्याकडून त्याचा व्याही नेतो. फांदी खोचली की तिला मुळं फुटतात, पण ते काही नवीन झाड नसतं. बी म्हणजे लेकरू. फांदी म्हणजे तेच झाड, दुसरीकडे उभं राहिलेलं. नगर रस्त्यापासून सोलापूर रस्त्यापर्यंत गावं वेगवेगळी होती, पण कुंपण बहुधा एकच होतं.

सारखी नव्हती ती एकच ओळ. लोणी काळभोरच्या नमुन्यांतली, माझ्या मामाच्या घरामागच्या कुंपणाची.

मामाचं कुंपण मी घेतलं ते केवळ सोयीचं होतं म्हणून. लोणीत काम आटोपलं की मामीच्या हातची बाजरीची भाकरी आणि वांग्याचं भरीत खायला जायचंच होतं. जाता जाता मागची चार पानंही तोडली. सर म्हणाले, नमुन्यांत गफलत झाली असणार. मी पुन्हा जाऊन पानं आणली, पुन्हा सगळं केलं. पट्ट्या तिथेच आल्या. लोणीतल्या बाकीच्या कुंपणांशी तर त्या जुळत नव्हत्याच, पण आमच्याकडच्या कुठल्याच ओळीशी जुळत नव्हत्या.

इथे मामाबद्दल सांगायला हवं, म्हणजे खरं तर आईबद्दल. मामा मूळचा लोणीचा नाही. खडकवासल्याच्या वर, डोंगरात आत, एका नदीच्या काठी आईचं माहेर होतं. ते धरणात गेलं. आईचं लग्न होऊन ती पुण्यात आली आणि वर्षाच्या आत गाव उठलं. तेव्हा मी तिच्या पोटात होते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, तशी तयारी झाली होती, आजीने डिंक आणून ठेवला होता. पण सातव्या महिन्यात आई निघायची त्याच सुमाराला सरकारी ट्रक येऊन उभे राहिले आणि माणसं उचलून लोणीच्या माळावर आणून टाकली. पत्र्याच्या शेडमध्ये बाळंतिणीला कसं नेणार? मग मी पुण्यात, हॉस्पिटलात जन्मले. आईने गावाचा निरोप घेतलाच नाही. तिने पाठ फिरवली होती ती सासरी येताना, परत येईन या भरवशावर.

लोणीचं घर हे आपलं माहेर आहे असं तिने कधी मानलं नाही. आजी गेली तेव्हा ती तिथे गेली होती, पण ते जाणं तिने हिशेबात धरलं नाही. मामा दर भाऊबीजेला न चुकता पुण्याला यायचा, ती ओवाळायची, पुरणपोळी वाढायची, त्याच्या सदऱ्याचं तुटलेलं बटण लावून द्यायची. "आक्का, एकदा ये की घराला," तो म्हणायचा. ती म्हणायची, "माझं माहेर रोज सकाळी नळाला येतं. मला बस धरून कशाला जायला हवं?"

शहराचं पाणी त्याच धरणांच्या साखळीतून येतं. लहानपणी आम्हांला हा तिचा नेहमीचा टोमणा वाटायचा, आम्ही हसायचो. ती मात्र सकाळी नळ आला की पहिली धार हातावर घ्यायची आणि क्षणभर थांबायची. तिचं ते थांबणं मला उशिरा दिसलं. दिसल्यावर हसू येईना.

तर, कुंपणाचं काय ते विचारायला मी मामाकडे गेले. तो ओट्यावर विळ्याला धार लावत बसला होता.

"मामा, मागचं कुंपण कुणाकडून आणलं?"

"कुनाकडनं म्हंजी? आपलंच हाय."

"लोणीतल्या कुणाकडून फांद्या घेतल्या होत्या का?"

तो हसला. "आमाला कोन देनार फांद्या? धरनवाले म्हनायचे आमाला. पान्याला गेलं तरी बाया हंडा सरकवायच्या."

मग त्याने सांगितलं. गाव उठलं तेव्हा लोकांनी जे सुटेल ते बरोबर घेतलं. दाराच्या चौकटी, वासे, देव, पाटा, वरवंटा. आजीला काळजी होती जात्याची. तिच्या सासूचं जातं, आणि रस्ता असा की ट्रक आदळून ते भंगणार. गवताच्या पेंढ्या आधीच गुरांबरोबर गेल्या होत्या. तेव्हा आजीने परड्याचं कुंपण तोडलं. हिरव्या, मऊ, रसाळ फांद्या. त्यांचा जाड थर ट्रकच्या तळाशी घातला आणि त्यावर जातं ठेवलं. माळावर पोहोचल्यावर ट्रकवाल्याला घाई. जातं उतरवलं, फांद्या खाली लोटून दिल्या. तिथे प्लॉटच्या चार कोपऱ्यांना चार खुंट्या होत्या, बाकी काही नाही. शेजारच्या शेळ्या शेडमध्ये घुसायला लागल्या तेव्हा मामाने, तो तेव्हा शाळकरी पोर, त्या चेपलेल्या फांद्या उचलून हद्दीवर खोचल्या. "जगतील आसं कुनाला वाटलं व्हतं," तो म्हणाला. "जगल्या."

ट्रकमधून आलेली बाकीची घरं कुणी यवतला, कुणी दौंडाकडे पांगली. मामाच्या कुंपणाची फांदी लोणीत कुणी मागितली नाही. धरणवाल्यांच्या दारात मागायला कोण जाणार? म्हणून ते कुंपण एवढी वर्षं त्या गावात निराळंच राहिलं. माझ्या जेलवर जी ओळ वेगळी दिसली तिच्या मुळाशी हे होतं. मला ते ऐकून रागच आला, आणि राग आल्यावर भूकही लागली. मामीने भाकरी वाढली.

जेवताना मामाने दुसरी गोष्ट सांगितली. मागची जागा एका कॉलेजवाल्यांनी घेतली होती. दिवाळी झाली की त्यांची दगडी भिंत येणार, कुंपण जाणार. त्याला त्याचं विशेष वाटलं नव्हतं. चीक अंगावर उडतो, बिया पोरं खातात आणि ओकतात, भिंत झाली तर बरंच. मला मात्र आई दिसत होती, हातावर पाणी घेऊन थांबलेली.

पण आईला सांगणार काय? मामाची आठवण आणि माझी एक निराळी ओळ, एवढ्यावर तिला सांगायचं नव्हतं. ती खोट काढण्यात आमच्या सरांच्याही वरताण होती. पहिलाच प्रश्न विचारेल, कशावरून? आणि तिने जर एकदा खरं मानलं आणि मागाहून ते खोटं निघालं, तर तिचं माहेर मी दुसऱ्यांदा बुडवल्यासारखं होईल. मूळ गाव पाण्याखाली. त्याच्याशी जुळवून बघायला उरलं काय होतं?

मामाच म्हणाला, "वरची वाडी हाय की." गावापासून चढावर चार घरांची वाडी होती. ती पाण्याच्या रेघेच्या वर राहिली, म्हणून उठली नाही. वाडीतल्या लोकांनी मारुतीमागचं कुंपण आजीच्या परड्यातूनच नेलं होतं असं त्याला आठवत होतं.

गणपती उठल्यावर आम्ही दोघं गेलो. एसटीने धरणापर्यंत आणि पुढे पायी, कारवीच्या झुडपांतून. वाडीत माणूस असं फारसं नव्हतं, बहुतेक जण पुण्यात कामाला. मारुतीमागे मोगली एरंड उभे होते, छाटायला कुणी नसल्यामुळे वाट्टेल तसे वाढलेले. मी पानं तोडून बर्फात ठेवली. मामा तोवर पुढे चढाच्या टोकाला जाऊन उभा राहिला होता. खाली काठोकाठ पाणी होतं, हिरवं, शांत, बघायला आलेल्या कुणालाही आवडेल असं. त्याने हात लांब करून एक जागा दाखवली. "ते तितं आपलं दार." मी बघत राहिले. पाण्यात कुठलीही जागा दुसरीसारखीच दिसते. तो मात्र बोट जराही न हलवता उभा होता.

पट्ट्या जुळल्या. मामाचं कुंपण आणि वाडीतलं कुंपण मी एकाच जेलवर शेजारी शेजारी चालवलं होतं, आणि त्या दोन ओळींत तसूभरही फरक नव्हता. त्या अंधाऱ्या खोलीत डोळ्यांवर अतिनील किरणांपासून जपणारा तो मोठा चष्मा लावून मी एकटीच हसले आणि मग रडले. सर खूश झाले. म्हणाले, चला, म्हणजे डोंगराकडचा एक प्रकार वेगळा आहे, आता आणखी वर जायला हवं. त्यांचं बरोबर होतं. पुढे माझा प्रबंध त्याच वाटेने उभा राहिला, आणि डिझेलच्या झाडाचं वेड ओसरलं तरी मला पदवी मिळाली. पण त्या दिवशी मला पदवीची आठवणही नव्हती. मी लवकर घरी आले.

आई स्वयंपाकघरात खाली बसून गवार निवडत होती. मी तिच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं: जातं, फांद्या, वाडी, पट्ट्या. ती शेंगा मोडत राहिली. मग म्हणाली, "आईनं जात्याखाली घातलेलं मला कुणी बोललं नाही."

"मामाला त्याचं महत्त्व वाटलं नसेल."

"त्याला कशाचंच वाटत नाही." पुन्हा शेंगा. "म्हणजे त्या झाडाची ही पिलावळ, असंच ना?"

"नाही ना. तेच सांगतेय. बी लावलं असतं तर पिल्लू. फांदी लावली की तेच झाड पुढे वाढतं. तुमच्या परड्यात होतं, आजीनं तोडलं, तेच ते. ते मेलंच नाही, आई."

तिचे हात थांबले. "नक्की?"

आता प्रशिक्षण आडवं आलं. मी म्हटलं, "आम्ही जेवढ्या जागी तपासलं तेवढ्या जागी दोन्हींत फरक आढळला नाही."

"असं वकील बोलतात," आई म्हणाली. "मला हो की नाही ते सांग."

संशोधक म्हणून मी त्या प्रश्नाला एका शब्दात उत्तर द्यायला नको होतं. पण माझ्यासमोर माझी आई बसली होती, मांडीवर गवारीच्या शिरा, आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं जे मी आधी पाहिलं नव्हतं. तिला भीती वाटत होती, मी नाही म्हणेन याची.

"हो," मी म्हटलं.

ती शेंगा घेऊन उठली. गवार फोडणीला टाकली, बाबांना चहा दिला, समोरच्या बिल्डिंगमधल्या बाईंना पायपुसणं आमच्या बाजूला झटकू नका म्हणून सुनावलं. पुढचे काही दिवसही कुंपणाचं नाव निघालं नाही. मला वाटलं, विषय संपला. भिंतीची तारीख जवळ येत होती आणि मी तिला आठवण करायला धजत नव्हते. आईच्या बाबतीत आपण ढकललं की ती जागची हलत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

आई जाऊन आता बरीच वर्षं झाली. मला तिची आठवण येते ती सणावाराला नाही, तर रोज, भलत्या वेळी. कुणी काही दीडशहाणपणाचं बोललं आणि त्यावर ती काय म्हणाली असती ते सुचलं, की वाटतं घरी जाऊन तिला सांगावं. घर आहे, भाऊ राहतो तिथे. नळालाही पाणी येतं. मी गेले की तो बिचारा कॉफी करतो. मला हवा असतो एखादा खणखणीत टोमणा, आणि तो द्यायला कुणी नसतं. माहेराची ओढ म्हणजे काय हे मला ती असताना पुस्तकातून कळलं होतं, तेवढंच.

कोजागिरीनंतरच्या रविवारी सकाळी मी उठले तर आई ठेवणीतलं लुगडं नेसून तयार होती. नेहमीची पाचवारी नव्हती, हिरवं नऊवारी होतं. बाबा पेपराआडून म्हणाले, "आज काय, लग्न कुणाचं?" "तुमचं जेवण झाकून ठेवलंय," ती म्हणाली, आणि मला म्हणाली, "चल. किती वाजताची बस असते तुझी?"

हडपसर सोडलं आणि ती खिडकीतून बाहेर बघायला लागली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना फ्लॅटच्या, कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या. तिने त्यांवर एक शब्दही काढला नाही, तेव्हा मला कळलं की ती घाबरली आहे.

मामा-मामी दारात आले. मामा पुढे झाला. "आक्का," एवढंच म्हणाला. मामी भाकरतुकडा ओवाळून टाकायला आत वळली तोवर आई घराला वळसा घालून मागे गेली होती. चपला तिने कोपऱ्यावरच काढल्या होत्या. कुंपणापलीकडे दगडांचे ढीग येऊन पडले होते. कुंपण पानांनी भरलं होतं, पुरुषभर उंच. आई त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली. हात लावला नाही. परत आली आणि मध्ये एका बुंध्यापाशी थांबली.

मला वाटलं आता ती म्हणेल, हे ते नव्हेच. म्हणायला तिला कुणाची भीती होती? माझ्या सगळ्या पट्ट्यांपेक्षा तिचा एक शब्द मला जास्त खरा वाटला असता.

तिने एक पान देठापासून खुडलं. देठाच्या टोकाला चिकाचा थेंब आला. गवताची काडी घेऊन तिने तिचं बारीकसं कडं केलं, ते चिकात बुडवलं, तोंडासमोर धरलं आणि फुंकर मारली. एक बुडबुडा सुटला. सात रंगांचा, चांगला लिंबाएवढा, तो दगडांच्या ढिगावरून कॉलेजच्या बाजूला गेला. मला हे ठाऊकच नव्हतं. मी त्या चिकाचं काय काय केलं होतं, उकळला, गोठवला, गाळला, पण त्याचे फुगे होतात हे मला माहीत नव्हतं.

मामा शेजारी येऊन उभा राहिला. त्यानेही काडी घेतली. त्याचा फुटला.

"हळू फुंक," आई म्हणाली. "तवाबी तुला जमत न्हवतं."

तिच्या तोंडून तो हेल मी पहिल्यांदा ऐकला. पुण्यात आल्यावर तिने बोलणं असं घासूनपुसून घेतलं होतं की समोरच्या बिल्डिंगवाल्यांनाही पत्ता लागला नसता. ती दोघं बराच वेळ तिथे फुगे सोडत राहिली. पन्नाशी उलटलेली बाई आणि मिशा पांढऱ्या झालेला तिचा भाऊ. तिच्या हिरव्या लुगड्यावर चीक सांडत होता आणि ती ते बघतही नव्हती. मी घराच्या आडोशाला जाऊन तोंड धुतलं.

मग ती घरात आली, जेवली, भाजीत मीठ कमी आहे म्हणाली, मामीला आजीची मसाल्याची पद्धत सांगितली, माळ्यावर काय काय आहे ते विचारलं. उन्हं कलली तशी निघायला हवं होतं. मामीने पाट मांडला. "वन्सं, बसा," म्हणाली. ताटात तांदूळ, नारळ, खण. आईने पदर पुढे पसरला. मामीने कुंकू लावलं आणि ओंजळीने तिची ओटी भरली. भरून झाल्यावर आईने पदरातले चार दाणे चिमटीत घेतले आणि ताटात परत ठेवले.

आईची ओटी मी किती घरांत भरताना पाहिली होती. मावसबहिणींकडे, शेजारी, चैत्रगौरीला, मंगळागौरीला. ती कुठेही मागे दाणे ठेवत नसे. लेक ते माहेरी ठेवते. आपण चाललो, पण हे घर असंच भरलेलं राहू दे म्हणून.

मामाने ताटातले ते दाणे पाहिले, आणि पाठ फिरवून दाराकडे बघत बायकोला म्हणाला, "भाकरी बांधून दे तिला वाटंला. आक्का सासरी चाललीय."

बसमध्ये आईने खिडकीची जागा घेतली, ओटी मांडीवर घट्ट धरली, आणि हडपसर येईपर्यंत ती नव्या नवरीसारखी रडत होती.